अवांतर धावांचा रकाना

गेली सतरा वर्षे मी आमच्या क्लबचे धावपत्रक लिहितो आहे. आठवडाभर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून जमाखर्च लिहायचा आणि रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला चिंचेखाली टेबल टाकून धावांचा जमाखर्च लिहायचा, असा माझा क्रम आहे. या हंगामात आमच्या संघाने बारा सामन्यांपैकी नऊ जिंकले आणि साखळी स्पर्धेचा चषक पहिल्यांदाच आमच्याकडे आला. चषकाचे छायाचित्र पाहून अनेकांनी विचारले की, असे एकदम काय झाले? संघात नवा खेळाडू एकच आला होता आणि तोही फक्त चार सामने खेळला. शतक तर कोणाचेच झाले नाही. मग फरक कुठे पडला, याचे उत्तर माझ्या वहीत आहे आणि ते सविस्तर लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण चषकाच्या छायाचित्रात ते दिसत नाही.

दिवाळीत दुकानात वहीपूजन झाले आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. घरी बसल्या बसल्या मी मागच्या हंगामाची धावांची वही काढली. मागच्या हंगामात आम्ही दहा सामने खेळलो, चार जिंकले, सहा हरलो आणि उपांत्य फेरीच्या आधीच बाहेर पडलो. त्या सहा पराभवांपैकी तीन अगदी थोडक्यातले होते : एक सहा धावांनी, एक नऊ धावांनी आणि एक तेरा धावांनी. दुकानात खाते जुळले नाही की मी मोठ्या रकमा सोडून आधी किरकोळ खर्चाचे पान उघडतो. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते. त्याच सवयीने मी फलंदाजांची पाने बाजूला ठेवली आणि तळाशी असलेल्या अवांतर धावांच्या रकान्याची बेरीज करायला घेतली.

दहा सामन्यांत आम्ही प्रतिस्पर्ध्यांना २१४ अवांतर धावा दिल्या होत्या. त्यांत वाइड १४३, नोबॉल २४ आणि बाय व लेगबाय मिळून ४७. म्हणजे सामन्यामागे एकवीस धावा समोरच्या संघाला बॅट न लावता मिळत होत्या. आमचे सामने चाळीस षटकांचे असतात आणि धावसंख्या दीडशेच्या आसपास फिरते, त्यात एकवीस धावा म्हणजे किती, हे क्रिकेट खेळणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पण मला त्याहून अधिक खटकली ती दुसरी गोष्ट. वाइड आणि नोबॉल हे षटकात धरले जात नाहीत, तो चेंडू पुन्हा टाकावा लागतो. १४३ आणि २४ मिळून १६७ चेंडू झाले, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस षटके. आमच्या पोरांनी हंगामभरात अठ्ठावीस षटके जास्तीची टाकली होती, तीही फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात. दुपारी एक वाजता गोलंदाजाचे खांदे का पडतात आणि तिसाव्या षटकानंतर झेल का सुटतात, याचे एक कारण मला त्या बेरजेत दिसले.

भाऊबीज झाल्यावर कर्णधाराच्या घरी फराळाला सगळे जमले, तेव्हा मी हा कागद त्याच्या हातात दिला. कर्णधाराचे विजेच्या सामानाचे दुकान आहे, आकड्यांची त्यालाही सवय आहे. त्याने कागद दोनदा वाचला आणि यष्टिरक्षकाला एवढेच विचारले, "यातले लेगला किती असतील?" वाइड ऑफच्या बाजूने गेला की लेगच्या, म्हणजे फलंदाजाच्या पायांमागच्या बाजूने, हे धावपत्रक सांगत नाही, वहीत फक्त अधिकाचे चिन्ह पडते. पण यष्टिरक्षकाला ते ठाऊक असते, कारण तिकडे झेप त्यालाच घ्यावी लागते. तो म्हणाला, "तीनातले दोन तरी. ऑफला गेलेल्याला पंच थोडी सूट देतात, लेगला गेला की हात पसरलेच."

तिथून या हंगामाची सुरुवात झाली, असे मी मानतो.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. सलामीला स्मृती मानधना होती. ती सांगलीची, माधवनगरात वाढलेली. भावाला खेळताना पाहून तिने बॅट हातात घेतली, हे इथल्या प्रत्येक क्रिकेटवेड्या घराला माहीत आहे. याच संघाने २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अंतिम सामना नऊ धावांनी गमावला होता. त्या नऊ धावा मला त्या रात्री फार आठवल्या, कारण आठच दिवसांपूर्वी मी आमच्या वहीतल्या नऊ धावांच्या पराभवाच्या पानावर पेन्सिलीने खूण केली होती. आमच्या गल्लीत फटाके वाजत होते आणि दिवाळीचे उरलेले अनार लोक रात्री एक वाजता काढून लावत होते. पुढच्या रविवारी आमचा पहिला सामना होता आणि मैदानावर जो तो त्याच अंतिम सामन्याविषयी बोलत होता.

सराव मात्र त्याआधीच बदलला होता. कर्णधाराने नेटमध्ये फलंदाज उभा करणेच आठवडाभर बंद केले. समोर एक यष्टी, तिच्या दोन्ही बाजूंना मॅटवर ताणून बांधलेली सुतळी आणि प्रत्येक गोलंदाजाने त्या दोन सुतळ्यांच्या आत ओळीने बारा चेंडू टाकायचे. एक बाहेर गेला की मोजणी पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी आमच्या सर्वांत वेगवान पोराला ते पाऊण तासात जमले नाही आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याला कोणी हसले नाही, हे मला इथे नोंदवावेसे वाटते. नोबॉलचा उपाय त्याहून सोपा निघाला. आमचे गोलंदाज धावण्याची सुरुवात अंदाजाने करत, कधी चपलेची खूण ठेवत, कधी तीही नाही, आणि मग शेवटचे पाऊल रेषेच्या पुढे पडे. आता प्रत्येकाचे धावण्याचे अंतर टेपने मोजले आणि ते माप मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. सामन्याच्या दिवशी नाणेफेकीआधी टेप धरून चुन्याची खूण करायची. या पूर्ण हंगामात, बारा सामन्यांत मिळून, आमचे नोबॉल चार आहेत.

मॅटविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बाहेरच्या वाचकाला वाटेल की आम्ही गवताच्या खेळपट्टीवर खेळतो. आमच्या मैदानावर काथ्याची मॅट आहे. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना छान बांधली जाते, पण उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रोज पाणी मारून रोलर फिरवायला माळी ठेवणे आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या क्लबला परवडत नाही. म्हणून खाली मुरूम दाबून घ्यायचा, त्यावर मॅट अंथरायची, ती ताणायची आणि कडेच्या कड्यांतून लोखंडी खिळे ठोकायचे. हे काम दिसते तितके सोपे नाही. दोघांनी एका टोकाला बसून मॅट धरायची, दोघांनी दुसऱ्या टोकाने पाय रोवून ओढायची आणि ओढ सुटण्याच्या आत पाचव्याने खिळा ठोकायचा. मध्ये कुठे ढिली राहिली तर चेंडू तिथे पडून एकदा नडगीवर येतो आणि एकदा हनुवटीवर. मॅटवर चेंडू गवतापेक्षा जास्त उसळतो आणि बोटांनी कापलेला चेंडू चांगला वळतो. १९५२ मध्ये लखनौला पाकिस्तानच्या फझल महमूदने तागाच्या मॅटवर भारताचे बारा गडी बाद केले होते, ते याच गुणामुळे. पण हा गुण मॅट ताणलेली असेल तरच कामाचा.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सरावाच्या वेळी आमच्याच निष्काळजीपणाने मॅटला मधोमध एक वळी राहिली. चेंडू त्या वळीवर पडला, उसळला आणि फलंदाजाला चकवून यष्टिरक्षकाच्या हनुवटीवर बसला. तीन टाके पडले. तो मिरजेला एका प्रयोगशाळेत नोकरी करतो, दुसऱ्या दिवशी पट्टी लावून कामावर गेला आणि पुढच्या रविवारी पट्टी लावूनच उभा राहिला. त्या दिवसापासून मॅटची जबाबदारी एकट्यादुकट्यावर न सोडता पाळीने पाच जणांवर आली. पाच जण सामन्याआधी दीड तास मैदानावर हजर असत आणि मॅट ठोकून झाली की कर्णधार अनवाणी पायाने तिच्यावरून टोकापासून टोकापर्यंत चालत जाई. तळव्याला वळी लागली तर खिळे उपसून पुन्हा ओढायची. पुढच्या प्रत्येक सामन्याआधी मी हे पाहिले आणि त्यातल्या तीन वेळा खिळे उपसावे लागले.

या भागात हंगाम म्हणजे केवळ क्रिकेटचा हंगाम नव्हे. जानेवारीपासून यार्डात नव्या हळदीची आवक सुरू होते आणि हमाली, तोलाई, वाहतूक या कामांतले आमचे तिघे जण रविवारीही अडकतात. तासगावकडचा आमचा मध्यमगती गोलंदाज द्राक्षबागायतदाराचा मुलगा आहे. माल उतरायला लागला की त्याचा पाय बागेतून निघत नाही. साखर कारखान्यातल्या एकाची पाळी बदलली की तो रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येतो. पूर्वी या अडचणींमुळे फेब्रुवारीत आमचा संघ विस्कळीत व्हायचा. या वर्षी कर्णधाराने डिसेंबरमध्येच प्रत्येकाला कोणत्या रविवारी येता येणार नाही हे विचारून घेतले आणि मी ते वहीत लिहून ठेवले. साखळीतले तीन पराभव मात्र फेब्रुवारीतलेच आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्यातल्या एका सामन्यात आम्ही दहाच जण होतो.

आणि अण्णा. अण्णा आमचे ऑफस्पिनर, वय सत्तेचाळीस, टपाल खात्यात नोकरी. मागच्या दोन हंगामांत त्यांना चार-पाच सामनेच मिळाले होते, कारण क्षेत्ररक्षणात ते मंद आहेत आणि तरुण पोरांना वाटायचे की अण्णांनी आता पंचगिरी करावी. मागच्या वहीतून प्रत्येक गोलंदाजाचे वाइड वेगळे काढले तेव्हा अण्णांच्या नावापुढे दोन होते. पूर्ण हंगामात दोन. मी तो आकडा कर्णधाराला दाखवला आणि या वर्षी अण्णा बाराही सामने खेळले. त्यांच्यासाठी शॉर्ट फाइन लेगची जागा ठरली, जिथे फार धावावे लागत नाही. धावपत्रकात निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून इंग्रजी एम काढतात. या वर्षी तो एम काढताना माझा हात जितक्या वेळा अण्णांच्या ओळीवर गेला, तितका दुसऱ्या कोणाच्याही ओळीवर गेला नाही.

उपांत्य सामना मार्चच्या अखेरीस झाला. आम्ही अडतिसाव्या षटकात १४३ धावांत सर्वबाद झालो आणि जेवणाच्या वेळी कोणी फारसे बोलत नव्हते. समोरच्या संघाने तिसाव्या षटकापर्यंत चार गडी गमावून शंभरी गाठली होती. एकतिसावे षटक संपले तेव्हा त्यांच्या स्कोअररने १०४ म्हटले आणि माझ्या वहीत १०३ होते. क्रिकेटच्या नियमांत स्कोअररसाठी स्वतंत्र नियम आहे आणि दोघांनी वेळोवेळी धावा ताडून घ्याव्यात असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आम्ही प्रत्येक षटकानंतर ताडतो. माझ्याशेजारी आठवीत शिकणारी एक मुलगी बसली होती. ती मुलींच्या नेटमध्ये सरावाला येते आणि या हंगामात धावपत्रक शिकायला माझ्याकडे बसू लागली आहे. मी माझे षटक बोटाने पुन्हा तपासत होतो तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "काका, चौथ्या चेंडूला लेगबाय दिलाय की पंचांनी. गुडघ्याला हात लावला होता." मी ते चिन्ह पाहिले नव्हते, त्याच वेळी कोणीतरी पाण्याची बाटली मागितली होती. मी वहीत उलटा त्रिकोण काढला, अवांतरच्या रकान्यात एक वाढवला आणि धावा १०४ केल्या. सामना चुरशीचा होता आणि ती धाव आमच्या विरुद्ध जात होती, पण त्या मुलीने ती सांगताना क्षणभरही विचार केला नाही, याचा मला अतिशय आनंद झाला.

शेवटच्या चार षटकांत त्यांना २१ धावा हव्या होत्या आणि चार गडी शिल्लक होते. अण्णांचे शेवटचे षटक सदतिसावे. पहिल्या चेंडूवर फलंदाज पुढे आला, चेंडू मॅटवर पडून वळला आणि हनुवटीवर टाक्यांची खूण असलेल्या आमच्या यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या. पुढचे पाच चेंडू नव्या फलंदाजाने नुसते अडवले. मी एम काढला नाही. गडी बाद झालेल्या निर्धाव षटकाला डब्ल्यू काढतात, तो काढला. अण्णांची आठ षटके, त्यांत तीन निर्धाव, सतरा धावा आणि दोन गडी. चाळीस षटके संपली तेव्हा फलकावर नऊ बाद १३९ होते. आम्ही चार धावांनी जिंकलो. त्या डावात आमच्या अवांतर धावा सात होत्या : दोन वाइड आणि पाच लेगबाय. मागच्या वर्षीच्या सरासरीने एकवीस दिल्या असत्या तर काय झाले असते, हे मी त्या संध्याकाळी कोणाला सांगितले नाही, पण कर्णधाराने माझ्या वहीत तो आकडा स्वतः येऊन पाहिला.

अंतिम सामना त्या मानाने सरळ झाला. त्यांनी १५१ धावा केल्या, आमच्या सलामीवीराने ६१ केल्या आणि तीन षटके राखून, पाच गडी हाताशी असताना आम्ही लक्ष्य पार केले. ६१ हीच आमची हंगामातली सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या.

याविषयी आमच्या पोरांमध्ये थोडी खंत होती, म्हणून सत्काराच्या दिवशी मला बोलायला सांगितले तेव्हा मी विजय हजारे यांच्याविषयी बोललो. हजारे यांचा जन्म याच सांगलीतला, ११ मार्च १९१५ चा. जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला त्यांनी ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली, ११६ आणि १४५. त्याआधी कोणत्याही भारतीयाने हे केले नव्हते. तरीही भारत तो सामना एक डाव आणि १६ धावांनी हरला. पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि आठ धावांनी हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. भारताची ती पंचविसावी कसोटी होती. विनू मांकड यांनी त्या सामन्यात बारा गडी बाद केले, शतके पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची झाली. ज्या माणसाने एकट्याने दोन शतके काढूनही पराभव पाहिला होता, त्याला त्या विजयाच्या दिवशी आपल्या शतकाची आठवण तरी झाली असेल का, असा प्रश्न मी पोरांना विचारला. अण्णा मागच्या रांगेत बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण नंतर चहा घेताना त्यांनी अ‍ॅडलेडचे आकडे माझ्याकडून कागदावर लिहून घेतले.

या हंगामाची बेरीज अशी आहे : बारा सामने, ११८ अवांतर धावा, त्यांत वाइड ६४, नोबॉल ४, बाय व लेगबाय ५०. सामन्यामागे दहाच्याही आत. जादा टाकावे लागलेले चेंडू ६८, म्हणजे अकरा षटके आणि दोन चेंडू. बाय आणि लेगबाय अजून कमी व्हायला हव्या होत्या. तिथे आम्ही फारसे सुधारलो नाही आणि पुढच्या वर्षी त्यावर काम करावे लागेल, हे मी कर्णधाराला आताच सांगून ठेवले आहे.

गेल्या रविवारी आम्ही मॅट गुंडाळली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले, तेव्हा आमची जुनी मॅट गावभागातल्या एका सभासदाच्या तळघरातल्या खोलीत होती. पाणी ओसरल्यावर ती बाहेर काढली तर चिखलाने भरून इतकी जड झाली होती की सहा जणांना उचलेना, आणि सुकल्यावर तिचे धागे हातात येऊ लागले. नवी मॅट घ्यायला आम्हाला दोन वर्षे वर्गणी गोळा करावी लागली. म्हणून आता दर वर्षी पावसाळ्याआधी मॅट झाडून, उन्हात दोन दिवस वाळवून विश्रामबागेत एका सभासदाच्या घराच्या माळ्यावर चढवतो. खिळे मोजून, रॉकेलने पुसून, डब्यात भरले. बेचाळीस होते, एक कमी भरला. तो शोधण्यासाठी पोरे अर्धा तास मैदानावर वाकून फिरत होती आणि अखेर नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला मातीत सापडला.

सगळे आवरल्यावर ती आठवीतली, म्हणजे आता नववीत जाणारी, मुलगी हरभट रोडवरून आणलेली नवी धावांची वही घेऊन माझ्याकडे आली. पहिल्या पानावर तिने क्लबचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले होते. मी आतली पाने उलटून पाहिली, तर पहिल्या दहा सामन्यांच्या पानांवर, अवांतर धावांच्या रकान्याखाली, तिने पट्टी धरून पेन्सिलीने आणखी दोन रकाने आखले होते. एकावर लिहिले होते "वाइड, ऑफ" आणि दुसऱ्यावर "वाइड, लेग".